रेघ घाट चढत नाही

नववीच्या घटक चाचणीत एक आलेख होता. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्टँडपासूनचं अंतर. रेघ तिरकी वर जाते, थोडा वेळ आडवी चालते आणि मग उतरत उतरत खालच्या अक्षाला येऊन टेकते. प्रश्न एवढाच, की या गाडीचा प्रवास तुमच्या शब्दांत लिहा. धुळ्यातल्या एका मुलानं लिहिलं, 'गाडी कन्नडचा घाट चढली, वर सपाटीला चालली आणि मग घाट उतरून खाली आली.'

बाईंनी त्याला आधी शून्य दिला. तो खोडून अर्धा गुण दिला. मग तोही खोडला. दिवाळीच्या सुटीत पेपरांचा गठ्ठा घेऊन त्या भुसावळला मामांकडे आल्या, तेव्हा त्या उत्तरापुढे नुसतं प्रश्नचिन्ह उरलं होतं.

मामांची सारी नोकरी भुसावळच्या कंट्रोल ऑफिसात गेली, सेक्शन कंट्रोलर म्हणून. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून उत्तर वाचलं आणि त्यांना हसू आवरेना. "याला आठ दिवस माझ्या खुर्चीत बसवलं असतं ना, तर जन्मात कधी घाट दिसला नसता."

"आठ दिवस आणू कुठून, मामा?" बाई म्हणाल्या. "'गतीचे नियम' हा पुस्तकातला पहिलाच धडा. पोरांची वह्यांना कव्हरं घालून होत नाहीत तोवर विस्थापन, वेग, त्वरण, अंतर-काल आलेख, वेग-काल आलेख आणि त्या आलेखावरून तिन्ही समीकरणं. पुस्तकातले अमर, अकबर आणि अँथनी आपापल्या गाड्या घेऊन निघतात, तीन रेघा येतात, आणि आम्ही म्हणतो, बघा, जिचा चढ जास्त तिचा वेग जास्त. आता चढ हा शब्द ऐकल्यावर चाळीसगावकडच्या पोराच्या डोळ्यांपुढे काय येणार? घाटच ना?"

शब्दाचा हा दोष तसा खराच. मराठीत रेषेलाही चढ असतो आणि रस्त्यालाही. पण दोष एकट्या मराठीचा नाही. अमेरिकेत रॉबर्ट बाइक्नर यांनी १९९४ साली गतीच्या आलेखांसाठी एक खास चाचणी तयार केली, तिच्या पाठीमागे हीच चूक होती. विद्यार्थी आलेखाला रस्त्याचा फोटो समजतात. रेषेची उंची आणि तिचा चढ यांची गल्लत करतात. दोन रेघा जिथे छेदतात तिथे दोघांचा वेग सारखा झाला असं मानतात. कन्नड घाट तिथे नाही, पण घाट सगळीकडे आहे.

बाईंचं म्हणणं होतं, की आलेख फार लवकर येतो. आधी ठिपके यावेत. उन्हाळ्यात धुळ्यात पाण्याचा टँकर सुटतो तेव्हा त्याच्या गळक्या नळीतून डांबरावर थेंब पडत जातात, ते कुणी पाहिले नाहीत? टँकर निघताना थेंब जवळजवळ, पुढे लांबलांब, गतिरोधक आला की पुन्हा दाटीवाटी. गतीची याहून साधी आकृती नाही. त्यांनी मैदानावर हाच खेळ केला होता. एकानं सारख्या लयीत टाळ्या वाजवायच्या, दुसऱ्यानं चालायचं आणि दर टाळीला खिशातली एक सरकी खाली टाकायची. चालून झालं की जमिनीवर त्याची चाल उमटलेली. अहिराणीत बोलणारी मुलंही तिथे न अडखळता सांगत होती, कुठे पळाला, कुठे दमला. सरकीचा ढीग दिसला की एकजण ओरडला, "आठे उभा शे, मॅडम!"

"मग त्या ठिपक्यांमधल्या अंतराएवढ्या कागदाच्या पट्ट्या कापायच्या आणि त्या ओळीनं शेजारी शेजारी उभ्या चिकटवायच्या. झाला वेग-काल आलेख. पट्टी लांब म्हणजे वेग जास्त. घाट नाही, काही नाही."

मामांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून चहाच्या कपाशेजारी पसरलं. "आता माझा फळा बघ."

त्यांनी कागदाच्या डाव्या कडेला वरपासून खाली नावं लिहिली. चाळीसगाव, वाघळी, कजगाव, नगरदेवळा, गाळण, पाचोरा, परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली, जळगाव, भादली, भुसावळ. नावांमधली अंतरं सारखी नव्हती, खऱ्या किलोमीटरच्या प्रमाणात होती. वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे तास. हाच कंट्रोल चार्ट. कंट्रोलरच्या कानाला फोन, हातात पेन्सिल. स्टेशन मास्तर सांगणार, अमुक गाडी अमुक वाजता पास झाली, की त्या स्टेशनच्या रेघेवर त्या मिनिटाला ठिपका ठेवायचा आणि मागच्या ठिपक्याला जोडायचा. मेल-एक्सप्रेसला एक रंग, मालगाडीला दुसरा. चोवीस तासांनी कागद भरून जाळं झालेलं असायचं. आता हे काम संगणकाच्या पडद्यावर होतं, पण अक्ष तेच.

"ही बघ मुंबईहून येणारी डाउन गाडी. रेघ खाली उतरते. ही भुसावळहून मुंबईकडे जाणारी अप. रेघ वर चढते. म्हणून काय ती सप्तशृंगीच्या गडावर चालली? वर-खाली म्हणजे दिशा, आणि उभट-पसरट म्हणजे वेग. एक्सप्रेसची रेघ उभट, मालगाडीची लोळलेली. आणि पाचोऱ्याहून जामनेरला जायची ती आपली पीजे, तिचा चार्ट काढला असता तर रेघ झोपलेलीच दिसली असती."

पाचोरा-जामनेर हा नॅरोगेज मार्ग ५६ किलोमीटरचा, शंभर वर्षांपूर्वीचा, आता ब्रॉडगेजच्या प्रतीक्षेत बंद पडलेला. पीजेच्या संथपणाचे विनोद जळगाव जिल्ह्यात अजूनही चालू आहेत. चाल थांबली तरी विनोद थांबले नाहीत.

"आता हा आडवा तुकडा," मामांनी पाचोऱ्याच्या रेघेवर बोट ठेवलं. "मालगाडी बाजूच्या लूप लाइनला घेतली. वेळ पुढे जातेय, गाडी जागेवर. आणि मागून आलेली एक्सप्रेस तिला इथे छेदून पुढे गेली. रेघा छेदल्या म्हणजे गाठ पडली, बरोबरी झाली नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. चुकलो असतो तर एक्सप्रेस सिग्नलला उभी राहिली असती आणि मला जाब द्यावा लागला असता."

एकेरी मार्गावर तर हा कागद अधिकच कडक बोलतो. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेघा फक्त स्टेशनच्या रेघेवरच छेदू शकतात. दोन स्टेशनांच्या मध्ये कुठे छेदताना दिसल्या तर बेत चुकला, कुणाला तरी आधीच्या स्टेशनात थांबवलं पाहिजे. शेजारच्या पश्चिम रेल्वेचा उधना-जळगाव मार्ग पूर्ण दुहेरी व्हायला २०१८ साल उजाडलं. तोवर अमळनेर-धरणगावच्या पट्ट्यात क्रॉसिंगसाठी ताटकळलेल्या प्रवाशांनी खिडकीतून जे अनुभवलं, तो खरं म्हणजे एका आलेखातला आडवा तुकडा होता.

बाईंनी पेन्सिल घेतली. "तुमच्या चार्टवर मला एक खोटं दिसतंय, मामा. जळगाव ते भुसावळ तुमची रेघ सरळसोट आहे. गाडी जळगावहून सुटताक्षणी पूर्ण वेगात? आणि भुसावळला एकदम भिंतीवर आपटल्यासारखी उभी?"

"चोवीस किलोमीटर आहे. कागदावर काय दिसणार ते?"

"तेच तर. समजा, साठच्या वेगानं गाडी न थांबता गेली, तर चोवीस मिनिटं." त्या लिहीत गेल्या. आकडे सोपे पडावेत म्हणून धरलेले. स्थिर उभ्या गाडीला साठचा वेग धरायला तीन मिनिटं लागतात, आणि साठवरून थांबायलाही तीनच. वेग सारख्या प्रमाणात वाढला तर त्या तीन मिनिटांत सरासरी तीसची पडते, म्हणजे दीड किलोमीटर. थांबतानाही दीड. उरलेले एकवीस किलोमीटर एकवीस मिनिटांत. एकूण सत्तावीस मिनिटं. "तुमची सरळ रेघ सांगते, ताशी त्रेपन्नच्या वेगानं गेली. त्या वेगानं ती गाडी फक्त दोन क्षण धावली असेल, एकदा वेग चढताना आणि एकदा उतरताना."

मग त्यांनी वेग-काल आलेख काढला. तिरकी चढण, लांब आडवी पाठ, तिरकी उतरण. समलंब चौकोन. वरची बाजू एकवीस मिनिटं, खालची सत्तावीस, उंची मिनिटाला एक किलोमीटर. क्षेत्रफळ बरोब्बर चोवीस किलोमीटर. दर मिनिटाच्या ठिपक्यांनी तीच सुरुवात दाखवली, तर पहिल्या मिनिटात १६७ मीटर, दुसऱ्यात ५००, तिसऱ्यात ८३३. म्हणजे एकास तीनास पाच. गॅलिलिओला उतरत्या फळीवरून गोळ्या घरंगळवताना सापडलेलं हेच विषम संख्यांचं गणित, आणि ते भादलीच्या अलीकडे केळीच्या बागा बघत बसलेल्या माणसाखालून रोज जातं.

मामांचा चेहरा मात्र उजळला. "हे आम्हाला माहीत आहे, फक्त तुमच्या भाषेत नाही! भादलीला एक मिनिट थांबा दिला तर गाडीला एक मिनिट लागत नाही."

"किती लागतं?"

"तुझ्या आकड्यांनी चार. एक उभं राहण्याचं, तीन वेग मोडून पुन्हा धरण्याचे. पुढारी लोक स्टेशनावर हार घालून घेतात आणि म्हणतात, एका मिनिटानं काय होतं? त्या एका मिनिटाला वेळापत्रकात चार मोजावी लागतात."

दोघांनी एकमेकांचं बरोबर असल्याचं इथे मान्य केलं असतं, तर लेख इथेच संपवता आला असता. पण मामांच्या मनात सरकी सलत होती.

"तुझ्या ठिपक्यांचं सांग. पोरगा चालत गेला, सरकी टाकत. ठीक. वळला आणि त्याच वाटेनं परत आला, सरकी टाकत. आता जमिनीकडे बघून सांग, कुठली सरकी जातानाची आणि कुठली येतानाची?"

बाई गप्प झाल्या. सरकी सरकीसारखीच दिसते. जमिनीवर वेळ लिहिलेली नसते. आणि त्यांच्या लक्षात आलं, की पेपरातला तो आलेख नेमका जाऊन परत येण्याचाच होता. गाडी स्टँडवरून निघाली, कुठेतरी थांबली आणि स्टँडवर परत आली. ठिपक्यांनी जिथे हात टेकले असते, तिथेच आलेखाची गरज सुरू होते. वेळेला स्वतःचा वेगळा अक्ष देण्याचं सगळं कारण हेच, की एकाच जागेवरचे दोन क्षण एकमेकांवर पडू नयेत.

"रंगीत सरकी," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या.

"आमचे रंगीत पेन्सिलींचे चार्ट काढून घेतले, आता तू सरकी रंगव."

या भांडणाला एक जुना साक्षीदार आहे, आणि गंमत म्हणजे तो दोन्ही बाजूंचा आहे. एतिएन-ज्यूल मारे हे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. आलेख पद्धतीवरच्या आपल्या ग्रंथात त्यांनी पॅरिस ते लियाँ रेल्वेचं वेळापत्रक रेघांच्या जाळ्यात छापलं, आणि त्या पद्धतीचं श्रेय इब्री या इंजिनिअरला दिलं. ते जाळं मामांच्या चार्टचं थोरलं भावंडच शोभेल. पण याच मारेंनी १८८० च्या दशकात चालणाऱ्या-पळणाऱ्या माणसाची एकाच काचेवर, ठरावीक क्षणांनी, अनेक छायाचित्रं घेतली. माणसाला काळे कपडे घालून हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या, म्हणजे काचेवर पट्ट्यांची रांग तेवढी उमटे. म्हणजे सरकीच. एकाच माणसाच्या टेबलावर रेघही होती आणि ठिपकेही. त्यांना कुठलं आधी हा प्रश्न पडला नाही, कारण त्यांना नववीचा तास घ्यायचा नव्हता.

गोष्ट चाळीसगावपर्यंत आली की भास्कराचार्य निघतातच. पाटणादेवीच्या रस्त्यानं मामा अनेकदा गेलेले. पाटण्याच्या तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापल्याची नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. मामा म्हणाले, "आलेखाशिवाय गती समजलेल्या माणसाचे ग्रंथ शिकवणारा मठ आपल्या जिल्ह्यात होता. तुम्ही पोरांना सांगता का?"

"सांगते. पण तुमच्या विरुद्ध जाईल ते."

सिद्धांतशिरोमणी हा ११५० सालचा ग्रंथ. त्यात भास्कराचार्य ग्रहाच्या दोन गती वेगळ्या करतात. आजचं स्थान आणि उद्याचं स्थान यांतला फरक, ती स्थूल गती. पण चंद्र रोज सारखा चालत नाही, कधी दिवसाला १२ अंशांच्या आसपास, कधी १५ च्या. तिथी नेमकी कधी संपते हे काढायचं, तर पूर्ण दिवसाची सरासरी घेऊन भागत नाही, त्या घडीची गती लागते. तिला ते तात्कालिक गती म्हणतात, आणि ज्येच्या कोष्टकातून ती काढण्याची रीत देतात. यावरून कलनशास्त्र सगळंच इथे तयार होतं, अशा आरोळ्या ठोकणाऱ्यांकडे लक्ष द्यायचं कारण नाही. प्रत्यक्षात जे आहे तेच पुरेसं मोठं आहे. एका ज्योतिषाला पंचांगाच्या हिशेबासाठी सरासरी अपुरी वाटली, एवढंच.

"म्हणजे माझी जळगाव-भुसावळ रेघ ही स्थूल गती," मामा म्हणाले.

"आणि टोकाला, जिथे तुमची तिरकी रेघ मोडून आडवी होते, तिथे गाडीचा वेग किती? डावीकडून विचारलं तर त्रेपन्न, उजवीकडून शून्य. एका क्षणाला दोन वेग. भास्कराचार्यांनी तो चार्ट परत पाठवला असता."

"पाठवला असता. आणि एक्सप्रेस कजगावला उभी राहिली असती." मामांनी कागदावरचे शेवेचे कण झटकले. "बाई, ज्याला गाडी सोडायचीय त्याला एवढंच कळायला हवं, की कोण कुठे कधी. बाकीचं ड्रायव्हर बघतो. प्रत्येकाला आपापल्या कामापुरता आलेख."

इथे बाईंनी जे म्हटलं, ते वादातलं सगळ्यात कामाचं वाक्य असावं, निदान शाळेच्या बाजूनं तरी. "मामा, तुम्हाला घाट का दिसला नाही, ते आत्ता कळलं. तुम्हाला पूर्ण झालेली रेघ कधी कुणी दिलीच नाही. पाचोऱ्यात गाडी उभी आहे, फोन येत नाही, पेन्सिल आडवी सरकतेय, हे तुमच्या हातानं भोगलंय. माझ्या पोरांना रेघ छापील मिळते. छापील रेघ म्हणजे चित्रच. चित्रात डोंगर दिसला तर त्यांचं काय चुकलं?"

मामांनी यावर उत्तर दिलं नाही. आतून मामीनं विचारलं, भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर की पुरीबरोबर, तेव्हा दोघांनी एकदमच भाकरी म्हटलं.

परतीच्या दिवशी मामांनी भाचीच्या पर्समध्ये एक घडी केलेला कागद घातला. डाव्या कडेला चाळीसगाव, भोरस, जामदा, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर, मोहाडी, धुळे. चाळीसगाव-धुळे ही ५६ किलोमीटरची शाखा, नावं प्रमाणात मांडलेली. वरच्या कडेला दर मिनिटाची खूण. खाली पेन्सिलीनं लिहिलेलं, 'भरून आण. आधी वाचायची नाही.'

चाळीसगावला गाडी सुटली तेव्हा बाईंना खिडकी मिळाली होती. मांडीवर पेपरांचा गठ्ठा, त्यावर तो कागद. भोरसला एक ठिपका. नुसतं स्टेशन ते स्टेशन जोडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून मधले किलोमीटरचे दगडही टिपत गेल्या. स्टेशन सोडताना रेघ खरोखरच वाकडी येत होती, आधी पसरट, मग हळूहळू उभट. जामद्याच्या अलीकडे गाडी हळू झाली आणि थांबली. का थांबली ते कुणालाच कळलं नाही. घड्याळ पुढे जात राहिलं आणि पेन्सिल कागदावर आडवी सरकत राहिली. एक मिनिट, दोन, चार.

समोरच्या बाकावर कापसाचे व्यवहार करून परतणारे एक आजोबा बसले होते. त्यांनी बराच वेळ त्या कागदाकडे पाहिलं. मग न राहवून विचारलं, "पोरी, कापूसना भाव शे का हाऊ?"

"नाही बाबा, आपल्या गाडीचा आहे."

आजोबांनी मान वाकडी करून रेघ पुन्हा नीट पाहिली. आडव्या तुकड्यावर बोट ठेवलं, खिडकीबाहेरच्या न हलणाऱ्या बाभळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग आठे भाव थांबना म्हना."

बाईंनी गठ्ठ्यातून त्या मुलाचा पेपर काढला आणि प्रश्नचिन्ह खोडलं. तेवढ्यात गाडीला हिसका बसला. गुण लिहायचा राहून गेला, कारण आधी वेळ टिपायची होती.